फोटो मुलांना, धंदा सुनेला, पत्रं कोणालाच नाहीत

वाचकाचं पत्र:

"ताई, माझं वय ६६. दापोली तालुक्यात आंजर्ल्याजवळ आमचं घर आहे. मागे हापूसची थोडी कलमं आणि पुढच्या बाजूला पाहुण्यांसाठी काढलेल्या दोन खोल्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. आंब्याच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर येतात, खोल्यांचं बुकिंग फोनवर होतं. सुनेने गुगल मॅपवर आमचं नाव टाकून दिलंय, त्यावर पाहुणे चांगलं लिहून जातात. मुलगा डोंबिवलीला, मुलगी पुण्याला. हंगामात सून येऊन राहते आणि सगळं तीच बघते.

शेजारचे भाऊ दिवाळीआधी अचानक गेले. दवाखान्यातच त्यांच्या फोनची बॅटरी उतरली. घरी आणून चार्ज केला तर पिन मागायला लागला. वहिनींना तो माहीत नव्हता. पुतण्याने दुकानात नेला, तिथे फॉरमॅट मारून दिला. फोन सुरू झाला, पण नातवाच्या बारशापासूनचे फोटो गेले. परवा त्यांचा वाढदिवस होता, तर फेसबुकवर लोकांनी 'शतायुषी व्हा' असं लिहिलं.

तेव्हापासून जिवाला चैन नाही. सगळे पासवर्ड वहीत लिहून मुलाला द्यावेत का? त्याच्याकडे विषय काढला तर म्हणतो, 'आई, अभद्र बोलू नकोस.' आणखी एक. मी आणि माझी धाकटी बहीण कित्येक वर्षं एकमेकींना ईमेल लिहितो. सासरबद्दल, यजमानांबद्दल, अगदी सुनेबद्दलही त्यात नाही नाही ते लिहिलंय. ते मुलांच्या हाती पडू नये. फोटो मात्र सगळे मिळावेत. दोन्ही जमेल का?"

काकू,

जमेल. पण पासवर्डच्या वहीने नाही. वही मुलाच्या हाती गेली की बारशाचे फोटोही त्याचे आणि सुनेबद्दल लिहिलेलंही त्याचंच. वहीला निवड करता येत नाही. शिवाय पासवर्ड बदलत राहतात आणि वही आहे तिथेच राहते. बँकेचा पिन आणि यूपीआयचा पिन तर कुठल्याच वहीत लिहू नका. माणूस गेल्यावर त्याच्या पिनने पैसे काढणं हे घरातल्या घरातसुद्धा भांडणाचं आणि पुढे कोर्टकचेरीचं मूळ होतं. पैशाची वाट नॉमिनी आणि वारसांच्या अर्जातूनच जाते.

तुमच्या पत्रात खरं तर तीन वेगवेगळी बिऱ्हाडं एकाच फोनमध्ये राहताहेत. फोटो, म्हणजे द्यायची गोष्ट. धंदा, म्हणजे चालू ठेवायची गोष्ट. आणि बहिणीची पत्रं, म्हणजे पुसून टाकायची गोष्ट. आधी ही बिऱ्हाडं वेगळी करा. ते आत्ता, तुमच्या हातांनी, दोन दुपारींत होईल. तुमच्या माघारी ते कोणालाच जमणार नाही. सामाईक सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव तसंच राहिलं की पुढे चाळीस वारसांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं, हे कोकणात तुम्हाला मी काय सांगायचं!

आधी फोटो आणि पत्रं, कारण तुमचा खरा जीव तिथे अडकलाय.

तुमचं ईमेल जीमेलवर आणि फोटो गुगल फोटोजमध्ये आहेत असं धरून चालते. गुगलकडे 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३ पासून आहे, आणि ती फार थोड्यांना माहीत असते. खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरलं गेलं नाही तर काय करायचं, हे तुम्ही आधीच ठरवून ठेवायचं. मुदत संपत आली की गुगल आधी तुम्हालाच मेसेज आणि ईमेल करून विचारतं. उत्तर आलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसांना कळवतं. अशी जास्तीत जास्त १० माणसं नेमता येतात. तुमच्या कामाची मेख पुढे आहे: कोणाला काय द्यायचं हे माणसागणिक निवडता येतं. मुलगा आणि मुलगी दोघांची नावं टाका, दोघांच्या नावापुढे फक्त 'गुगल फोटोज'वर खूण करा आणि जीमेलची खूण रिकामी ठेवा. शेवटी गुगल विचारतं की हे सगळं झाल्यावर खातं पुसून टाकू का? तिथे 'हो' करा. फोटो मुलांकडे जातील आणि पत्रं खात्याबरोबर संपतील. मुलांना तुमचा पासवर्ड मिळत नाही, फोटो उतरवून घ्यायची लिंक तेवढी मिळते. ती ३ महिने चालते, म्हणून वेळेत उतरवून घ्यायला हवेत.

यात तीन खोडी आहेत, त्या नीट बघा.

पहिली म्हणजे, गुगलचं ते ईमेल मुलांना येणार तुम्ही गेल्यावर तीन महिन्यांनी किंवा त्याहूनही उशिरा. हल्ली रोज एक फसवणुकीचा मेसेज येतो. 'तुमच्या आईने तुमच्यासाठी डेटा ठेवला आहे' असं वाचल्यावर शहाणा मुलगा ते डिलीटच करेल. तेव्हा असं ईमेल येणार आहे हे दोघांना आधी सांगून ठेवा.

दुसरी खोड जास्त चिवट आहे. तुमचा फोन पुढे सुनेने आंब्याच्या ऑर्डरींसाठी चालू ठेवला आणि त्यात तुमचं हेच जीमेल खातं राहिलं, तर गुगलच्या लेखी तुम्ही हयातच. फोन अधूनमधून गुगलशी बोलत राहतो आणि खातं जागं आहे असंच तिथे दिसतं. तुमची मुदत कधी सुरूच होणार नाही, आणि पत्रं जिथल्या तिथे, उघडी. म्हणून धंद्याचा फोन वेगळा आणि त्यातलं खातंही वेगळं हवं. महागडा फोन लागत नाही.

तिसरी खोड म्हणजे तुमची बहीण. तुम्ही लिहिलेलं प्रत्येक पत्र तिच्या इनबॉक्समध्ये आहे. तुमचं खातं पुसलं तरी तिची प्रत राहणार, आणि तिलाही मुलं आहेतच. हे दोघींनी बसून ठरवायचं आहे. तिनेही हीच व्यवस्था केली तर उत्तम. आणि खरंच काळजात रुतलेली अशी काही पत्रं असतील तर गुगलची वाट कशाला बघायची? एका संध्याकाळी दोघींनी फोनवर बोलत बोलत ती शोधून पुसा, कचराकुंडीच्या फोल्डरमधूनसुद्धा. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सगळी पुसू नका. सासूला नावं ठेवणारी पत्रं चाळीस वर्षांनी नातीने वाचली तर तिला राग येणार नाही, करमणूक होईल. सुनेबद्दलची मात्र जाऊ द्या. ती तुमचा धंदा बघते.

हे काहीच केलं नाही तरी खातं अमर नसतं. सलग २ वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गुगल पुसू शकतं, असा त्यांचा २०२३ चा नियम आहे. त्यात पत्रं जातील तसे फोटोही जातील. म्हणून फोटोंसाठी निव्वळ गुगलवर विसंबू नका. आधी बॅकअप चालू आहे का ते बघा. फुकटातली १५ जीबी जागा भरली की तो थांबतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंचा फोल्डर तर अँड्रॉइडवर आपण मुद्दाम चालू केल्याशिवाय बॅकअपमध्ये जातही नाही. बारशाचे निम्मे फोटो नेमके तिथेच असतात. गणपतीत मुलगी आली की तिला सांगा, सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर उतरवून घे आणि पुण्याला घेऊन जा. कोकणच्या पावसाळ्यात हार्ड डिस्कचेही हाल होतात.

तुमच्याकडे आयफोन असेल तर ॲपलचीही अशी सोय आहे, डिसेंबर २०२१ पासून. तिचं नाव 'लेगसी कॉन्टॅक्ट'. नेमलेल्या माणसाला एक किल्ली-कोड मिळतो. तो आणि मृत्यूचा दाखला दिला की ३ वर्षं फोटो, नोंदी वगैरे बघता येतात, पण साठवलेले पासवर्ड मिळत नाहीत. तिथे मात्र 'फोटो दे, बाकी नको' अशी निवड नाही, म्हणून तुमच्या पत्रांच्या दृष्टीने गुगलचीच व्यवस्था सोयीची.

आता धंदा. इथे भावनेचं काही नाही, पण पैसा आणि नाव दोन्ही आहे.

तुमचा नंबर आंब्याच्या पेट्यांवर छापलेला असणार, आणि मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये 'आंबेवाल्या काकू' म्हणून सेव्ह असणार. तीच तुमची दुकानाची पाटी. मग उलटं करा: तो नंबर धंद्याला ठेवा आणि स्वतःसाठी नवीन सिम घ्या. बँकेत जाऊन खात्याला नवा नंबर जोडा. बँकेचा नंबर बदललेला गिऱ्हाइकाला कळतही नाही. जुना नंबर मुलाच्या नावावर करून घ्या. त्यासाठी दोघांनी आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जायचं. फोन राहील सुनेच्या हातात. हे हयातीत झालं तर अर्ध्या तासाचं काम आहे. नंतर दाखला, वारस आणि हेलपाटे.

सुनेच्या लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडलेलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मुख्य फोन १४ दिवस बंद राहिला की जोडलेली यंत्रं आपोआप बाहेर पडतात. खातं १२० दिवस वापरलं नाही तर व्हॉट्सॲप ते पुसतं. आणि सिमचं तर फार वाईट. प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर आणखी ९० दिवसांनी दुसऱ्या कोणाला देता येतो. म्हणजे वर्षभराच्या आत तुमच्या गिऱ्हाइकाचा 'काकू, यंदा पाच डझन पाठवा' हा मेसेज भलत्याच्याच फोनवर, आणि जुन्या खात्यांचे ओटीपीही त्याच्याकडेच.

गुगल मॅपवरची तुमची नोंद ही खोल्यांची खरी मिळकत आहे. ती कोणाच्या जीमेलवर बांधलेली आहे ते सुनेला विचारा. तुमच्या असेल तर तिला दुसरी 'ओनर' म्हणून जोडा. नुसती 'मॅनेजर' नको, कारण मॅनेजरला पुढे मालकी बदलता येत नाही. पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय नोंदीलाच चिकटून राहतात, मालक बदलला तरी जात नाहीत. फेसबुकचं किंवा इन्स्टाग्रामचं पान असेल तर तिथेही दुसऱ्या माणसाला पूर्ण अधिकार द्या. आणि पडवीतल्या भिंतीवरचा क्यूआर कोड कोणत्या खात्याचा आहे? फक्त तुमच्या नावच्या खात्याचा असेल तर धंद्यासाठी सून किंवा मुलाबरोबर 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' पद्धतीचं संयुक्त खातं काढा आणि कोड त्याचा लावा.

इथे एक नाजूक गोष्ट. धंदा सून बघते, पण कायद्याने सून तुमची वारस नाही. मुलगा आणि मुलगी आहेत. आणि नॉमिनी लावला म्हणजे तो मालक झाला, हाही गैरसमज आहे. कालनिर्णयकार जयंत साळगांवकर, मूळचे तुमच्या कोकणातल्याच मालवणचे. त्यांच्या मृत्युपत्रावरून निघालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की नॉमिनी हा पैसे हाती घेणारा असतो, त्यामुळे वारसांचा हक्क जात नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. ते जरूर लावा, पण त्याने मालकी ठरत नाही. सुनेने धंदा चालवावा ही इच्छा असेल तर ती मृत्युपत्रातच लिहायला हवी. मृत्युपत्र कागदावर, तुमच्या सहीचं आणि दोन साक्षीदारांचं लागतं. ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून ठेवलेलं चालत नाही, आयटी कायद्याने मृत्युपत्राला इलेक्ट्रॉनिक रूपातून वगळलेलं आहे. त्यात 'गुगलवरची नोंद आणि धंद्याचं नाव सुनेकडे' असं एक वाक्य घाला. पासवर्ड मात्र घालू नका, कारण मृत्युपत्राच्या प्रती चार हातांतून फिरतात.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आपल्या माहितीबाबतचे हक्क आपल्या माघारी बजावण्यासाठी माणूस नेमायची तरतूद आहे. तो कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. त्याच्या भरवशावर थांबू नका, वरची व्यवस्था आजच करता येते.

फेसबुकचं काम पाच मिनिटांचं. सेटिंग्जमध्ये 'मेमोरियलायझेशन' शोधा. तिथे दोनच रस्ते आहेत: माघारी खातं पुसा, किंवा स्मरणार्थ ठेवा आणि त्यासाठी 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमा. तो माणूस तुमचा फोटो बदलू शकतो, वर एक निरोप लावू शकतो. तुमचे मेसेज त्याला वाचता येत नाहीत. मुलीला नेमा आणि विसरून जा.

एवढं झालं की वहीत लिहायला फारसं काही उरत नाही. एका कागदावर लिहा: कोणती खाती आहेत, कोणता नंबर कशाला जोडलेला आहे, कोणते पैसे दरमहा आपोआप कापले जातात, विमा आणि ठेवी कुठे आहेत. हा कागद मुलांनी खुशाल वाचावा, त्यात गुपित काही नाही. धंद्याच्या फोनचा पिन सुनेला आत्ताच सांगून टाका. तुमच्या स्वतःच्या फोनचा पिन मात्र वेगळ्या पाकिटात घाला आणि पाकिटाच्या जोडावर सही करा. ज्याच्या हाती हा पिन, त्याच्या हाती बहिणीची पत्रंसुद्धा, हे लक्षात ठेवून पाकीट कोणाला द्यायचं ते ठरवा. ते मुलालाच दिलं पाहिजे असं मुळीच नाही. तुमच्या जागी मी असते तर बहिणीला दिलं असतं. तिला सगळं आधीच माहीत आहे.

पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, माणूस गेल्यावर लॉकर उघडायलाच वेळ लागतो. माजघरातल्या लाकडी कपाटातही नको, वाळवी वाट बघतच असते. झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून पत्र्याच्या डब्यात. आणि ही माहिती फोनमध्येच टिपून ठेवायचा मोह टाळा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्या भागात कित्येक दिवस लाईट नव्हती आणि रेंजही नव्हती. कागद तेवढा वाचता येत होता.

मुलाशी कसं बोलायचं? 'मी गेल्यावर' असं म्हणूच नका. 'ऐन मे महिन्यात मी पंधरा दिवस दवाखान्यात पडले तर आंब्याच्या ऑर्डरी कोण घेणार?' असं विचारा. ह्यात अभद्र काही नाही, नि प्रश्नही खराच आहे. सुनेसमोर विचारा, ती लगेच फोन काढेल.

आता शेजारच्या वहिनी. फेसबुकवर भाऊंचं खातं स्मरणार्थ करायची विनंती घरचं कोणीही करू शकतं, ग्रामपंचायतीतून मिळालेला मृत्यूचा दाखला जोडायचा. त्यानंतर वाढदिवसाच्या आठवणी येणं थांबतं. फोटोंची आशा अगदीच सोडू नका. बॅकअप चालू असेल तर फोन पुसला तरी गुगलवरचे फोटो तसेच राहतात. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गुगलचा वेगळा अर्ज आहे, त्यात पासवर्ड देत नाहीत पण काही वेळा माहिती देतात. शिवाय भाऊंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला प्रत्येक फोटो कोणाच्या तरी फोनमध्ये पडलेला आहे. नातेवाइकांच्या ग्रुपवर एकदा मागून बघा. कुठल्या जुन्या बँकेत त्यांची ठेव राहून गेली असेल अशी शंका असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी तिथे दिसतात, पण त्यात सहभागी झालेल्या बँकांच्याच. आणि भाऊंचा नंबर बंद करायची घाई नको. सगळे दावे मिटेपर्यंत पुतण्याने त्यावर स्वस्तातलं रिचार्ज मारत राहावं आणि त्यावरून एखादा फोनही लावावा. फोन आता पुन्हा कोणत्याही दुकानात देऊ नये.